बिनतोंडाचा नाच

गेल्या साली बारामतीच्या नृत्यस्पर्धेत खुर्च्या उडाल्या. कारण जुनंच. पहिलं बक्षीस मंडळाच्या अध्यक्षांच्या नातीला मिळालं. पोरगी बरी नाचली होती, नाही असं नाही; पण तिच्याहून बऱ्या नाचणाऱ्या पोरी हात हलवत खाली बसल्या होत्या आणि त्यांचे मामे-काके मागं उभे होते. एका काकानं खुर्ची उचलली, दुसऱ्यानं फेकली, आणि ती लागली कुणाला, तर आइस्क्रीमवाल्याला. त्या बिचाऱ्याचा नाचाशी काडीचा संबंध नव्हता.

म्हणून या साली मंडळानं ठरवलं, की नाचणाऱ्याचं तोंडच परीक्षकांना दाखवायचं नाही.

ही अक्कल अध्यक्षांच्या पुतण्याची, दिग्विजयची. पोरगा पुण्यात खेळाडूंचं पळणं-उडी मारणं मोजणाऱ्या कंपनीत कामाला होता. त्यानं मंडळाच्या बैठकीत सगळं समजावून सांगितलं. नाचणाऱ्याच्या अंगावर सांध्या-सांध्याला पांढरे गोळे चिकटवायचे. चारी बाजूंनी कॅमेरे लावायचे. कॅमेऱ्याला फक्त गोळे दिसतात. कॉम्प्युटर ते रेघांनी जोडतो आणि पडद्यावर काड्यांचा माणूस नाचायला लागतो. त्याला तोंड नाही, कपडे नाहीत, गाव नाही, आडनाव नाही. ताल आणि तोल यांचे मार्क मशीनच देणार. निम्मे मशीनचे, निम्मे परीक्षकांचे. परीक्षक बसणार वेगळ्या खोलीत, टीव्हीपुढं.

"मग बघू वशिला कुठनं शिरतोय," दिग्विजय म्हणाला, आणि अध्यक्षांसकट सगळ्यांनी माना डोलावल्या. अध्यक्षांनी जरा कमी डोलावली.

परीक्षकांत पहिलं नाव अफजल मास्तरांचं होतं. मास्तर म्हणजे गॅदरिंगवाले मास्तर. बारामतीच्या आसपास ज्यांनी ज्यांनी शाळेत असताना स्टेजवर नाच केला, त्यांतल्या निम्म्यांच्या पोटरीवर तरी मास्तरांची छडी बसलेली आहे. दिवाळीची सुट्टी संपली की मास्तर स्कूटर काढायचे. सकाळी सांगवीची शाळा, दुपारी पणदऱ्याची, आणि संध्याकाळी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचा क्लास. वडील बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. त्यांची कला पोराच्या हातात काही आली नाही, सगळी पायात उतरली.

त्यांच्या क्लासची एक रीत होती. तिथं आरसा नव्हता. मास्तरांच्या उस्तादांनी त्यांना सांगितलं होतं, की आरसा बघून शिकलेला माणूस पुढं जन्मभर स्वतःलाच बघत नाचतो, समोरच्या लोकांकडं त्याचं ध्यानच जात नाही. मास्तरांनी ते वाक्य कपाळाला लावलं. ते पुढं पाठमोरे उभे राहायचे, पोरं मागं रांगा करून. मास्तर नाचतील तसं पोरांनी नाचायचं. मग मास्तर वळायचे आणि चुका काढायचे. चुका काढण्यात त्यांचा हात धरणारा माणूस तालुक्यात नव्हता.

आणि सगळ्यांत जास्त चुका त्यांनी कुणाच्या काढल्या असतील, तर स्वतःच्या लेकीच्या.

शबीना चालायला लागली तीच त्या शेडमध्ये. ताल पक्का, पाय हलका, पुढं लहान पोरांना शिकवायला लागली तर पोरं तिच्या ओढणीला लोंबकळायची. सगळं बरं होतं, एक खांदा सोडून. गिरकी घ्यायच्या ऐन आधी तिचा डावा खांदा वर जायचा, मागून कुणी हाक मारावी तसा. नजर नसलेल्याला दिसायचासुद्धा नाही. मास्तरांना तेवढाच दिसायचा. त्यांनी तिच्या खांद्यावर पाण्याचा पेला ठेवून तिला नाचायला लावलं, दंड दोरीनं बांधून बघितला, शिव्या दिल्या. खांदा काही ऐकेना.

"आमच्या घरात असला खांदा कुणाचाच न्हाय," ते बायकोला म्हणायचे. "तुज्या माहेरचा असनार."

"माज्या माहेरी कोन नाचलंच न्हाय," चाँदबी म्हणायची, "तर खांदा कुठनं आला?"

दोन वर्षांपूर्वी एका शाळेच्या गॅदरिंगला हे प्रकरण हाताबाहेर गेलं. रंगीत तालीम चालली होती, पालक येऊन बसले होते. शबीना पोरांना गिरकी दाखवत होती. मास्तरांच्या हातात माईक होता आणि तो चालू होता. "त्यो खांदा सरळ झाल्याबिगर दुसऱ्याच्या पोरांना शिकवायचं नाव काढू नगंस," ते म्हणाले. सगळा हॉल हसला. शबीनानं गिरकी पुरी केली, पोरांना पाणी प्यायला सोडलं, पर्स उचलली आणि एसटीनं सासरी इंदापूरला गेली. नवऱ्याचं, मुन्नाचं, चप्पल-बुटांचं दुकान होतं. त्याच्या वरच्या खोलीत तिनं स्वतःचा क्लास काढला आणि भिंतभर आरसा लावला. उद्घाटनाला चाँदबी गेली. मास्तर गेले नाहीत.

तेव्हापासून बाप-लेकीचं बोलणं असं नव्हतंच. ईदला ती यायची, शीरखुर्मा प्यायची, "बरा झालाय," म्हणायची. "व्हय," मास्तर म्हणायचे. झालं बोलणं.

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात चाँदबी लेकीकडं जाऊन आली ती गप्प गप्प. मास्तरांनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायच्या आधीच ती बोलली.

"औंदा बक्षीस आलं तर आलं, न्हाय तर क्लास बंद करती म्हनतीय. दुकानात गल्ल्यावर बसती म्हनं."

"का? पोरी येत न्हायत का?"

"कशा येतील? इंदापुरातल्या बायका तोंडावर इचारत्यात तिला, तुज्या बापानंच तुला काडून टाकलंय न्हवं? मग आमच्या पोरी तुज्याकडं कशाला घालायच्या?" चाँदबीनं पदरानं नाक पुसलं. "बोललात तुमी, आन् भोगती ती."

इंदापूरला जाऊन यावं असं मास्तरांच्या मनात आलं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "मग मी काय करू? मला तितं तोंडं दिसनारच न्हायत."

"वळखायला तोंडच लागतं व्हय?" चाँदबी म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

तुळशीची लग्नं व्हायची होती, त्यामुळं मंगल कार्यालयं रिकामी पडली होती. त्यातल्याच एकात स्पर्धा ठेवली. परीक्षकांना बसवलं वधूपक्षाच्या खोलीत. तिघंजण होते. एक अफजल मास्तर. त्यांनी परीक्षक व्हायचं म्हणून स्वतःच्या क्लासची एकही पोरगी उतरवली नव्हती, आणि ते दिसेल त्याला सांगत होते. दुसऱ्या रतनबाई, उभी हयात लावणीच्या संगीत पार्टीत नाचण्यात गेली, आता गुडघे धरून इंदापुरात नातवंडं सांभाळायच्या. तिसरे ऋषिराज सर, पुण्याचे. त्यांच्याकडं प्रमाणपत्रं होती आणि पाण्याची स्वतःची बाटली होती.

टीव्ही सुरू झाला. काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके, ठिपक्यांना रेघा. खाली हॉलमध्ये गाणं लागलं आणि ठिपके उड्या मारायला लागले.

"आगं बया," रतनबाई म्हणाल्या, "सांगाडा नाचाय लागला की!"

ऋषिराज सर म्हणाले, "किती निष्पक्ष पद्धत आहे. व्यक्ती उरतच नाही. फक्त हालचाल."

रतनबाईंनी मास्तरांकडं बघितलं. मास्तर छताकडं बघायला लागले. कारण पहिला सांगाडा चार पावलं चालला नाही तोवर दोघांनाही कळलं होतं, की ही सांगवीची श्रेया. ती ठेक्याच्या आधी हनुवटी पुढं करते. दुसरा सांगाडा धपाधप पाय आपटत आला, तो पणदऱ्याच्या रामहरीच्या क्लासचा; त्याच्या सगळ्याच पोरी माती मळल्यासारख्या नाचतात. गेल्या सालची अध्यक्षांची नात तर स्टेजवर येऊन नुसती उभी राहिली तेव्हाच ओळखू आली. इतक्या ऐटीत दुसरं कोण उभं राहणार?

आता यात नवल ते काय? लांबच्या बांधावरनं माणूस येताना दिसला, की तोंड दिसायच्या आधी चालीवरनं सांगायचं, हा अमका, पाव्हण्याकडनं आलाय, काम झालेलं दिसत नाही. इथल्या माणसांचा जन्मच त्यात गेलेला. त्यांच्यापुढं तोंड झाकून चाल तेवढी उघडी ठेवायची, हा न्याय पुण्यातच सुचू शकतो. पण दिग्विजयला हे सांगणार कोण? ज्यांना कळलं होतं ते परीक्षक होते, आणि परीक्षकांनी बोलायचं नाही असा नियम होता.

असे बरेच सांगाडे नाचून गेले. चहा आला. मग एक सांगाडा पडद्यावर आला तो इतका हलका, की मास्तरांनी कप खाली ठेवला.

छोटी आकृती होती, असेल बारा-तेरा वर्षांची पोरगी. ठेका तिच्या पायात नव्हता, पाय ठेक्यात होते. हात कुठं लांबवायचा आणि कुठं नुसता सोडून द्यायचा हे तिला कुणीतरी जीव लावून शिकवलं होतं. "काय पोरगी हाय!" रतनबाई नियम मोडून बोलल्या. गाणं वर चढलं, गिरकीची जागा आली. आणि गिरकीच्या ऐन आधी त्या आकृतीचा डावा खांदा वर गेला.

मास्तर खुर्चीत ताठ झाले.

पुन्हा गिरकी आली, पुन्हा खांदा गेला. शंकाच नको. ही इंदापूरची पोरगी. शबीनाची खोड जशीच्या तशी पोरीच्या अंगात उतरली होती. मास्तरांना राग आला. तो लेकीचा होता, आणि आपण बरोबर होतो याचा थोडा आनंदही त्यात होता. बघा, सांगत होतो का नाही? खांदा सरळ झाल्याशिवाय शिकवू नको. आता पोरीचंही वाटोळं केलं.

आणि लगेच चाँदबीचं बोलणं आठवलं. बक्षीस नाही आलं तर क्लास बंद. मास्तरांचं बोट मार्क द्यायच्या टॅबवर अडकलं. नाच आजच्या दिवसातला सगळ्यांत चांगला होता, हे त्यांना दिसत होतं. तेवढे मार्क दिले असते तर पाप नव्हतं. पण उद्या कुणी म्हणालं, की बापानं लेकीचा क्लास वर काढला, तर? गेल्या साली नातीसाठी खुर्च्या उडाल्या, या साली लेकीसाठी उडतील. आपल्याकडं हिशोब असा आहे, की आपल्या माणसाला जास्त दिलं तर तो वशिला, आणि कमी दिलं की तो न्याय. न्यायी म्हणवून घ्यायचं असेल, तर आपलंच माणूस कापावं लागतं. मास्तरांना न्यायी म्हणवून घ्यायचं होतं.

त्यांनी दहातले चार दिले. बटण दाबलं. गार झालेला चहा एका घोटात संपवला.

तेवढ्यात लाईट गेली.

जनरेटर सुरू झाला, पण कॅमेऱ्यांची जुळणी बिघडली. दिग्विजय घामाघूम होऊन वर आला. "एखाद्या मोठ्या माणसाला हॉलच्या मध्ये उभं करून फिरवावं लागेल, म्हणजे कॅमेरे पुन्हा लागतील. पोरी जेवायला बसल्यात. मास्तर, तुम्हीच येता का?"

मास्तरांना एवढंच पाहिजे होतं. खाली त्यांच्या शर्टाला, गुडघ्यांना, घोट्यांना पांढरे गोळे चिकटवले. "नुसते हातपाय हलवले तरी चालेल," दिग्विजय म्हणाला. पण बोलावलं कुणाला, तर अफजल मास्तरांना. त्यांनी टाळ्या वाजवून ठेका धरला आणि दणक्यात एक तुकडा नाचून काढला, दोन गिरक्यांसकट. वय झालं तरी पाय शाबूत होते. दारात उभ्या असलेल्या आचाऱ्यांनी शिट्टी मारली. मास्तर गोळे काढून खूष होऊन वर आले.

खोलीत टीव्ही चालू होता. दिग्विजय खालून जुळणी बरोबर झाली का ते तपासत होता. पडद्यावर काड्यांची आकृती नाचत होती. मास्तर खुर्चीत बसता बसता थबकले.

"आं? हिला परत कशाला सोडली?" ते म्हणाले.

"कुणाला?" रतनबाईंनी विचारलं.

"हीच की मघाची पोरगी. ह्यो बघा, ह्यो बघा खांदा! गिरकीच्या आधी कसा उचलतोय. कितीदा सांगितलं असंल मी हिच्या मास्तरणीला. जन्माची खोड हाय ही, जानार न्हाय."

रतनबाईंनी एकदा पडद्याकडं बघितलं, एकदा मास्तरांकडं. ऋषिराज सर बाटलीचं झाकण फिरवत राहिले.

"मास्तर," रतनबाई हळूच म्हणाल्या, "ही पोरगी न्हाय. आत्ता खाली नाचलासा ते तुमीच हाय."

मास्तर हसले. मग त्यांनी नीट बघितलं. आकृती उंच होती. शेवटचा पाय मारून दोन्ही हात कमरेवर ठेवण्याची सवय त्यांचीच होती. आकृतीनं दोन्ही हात कमरेवर ठेवले. दिग्विजयनं ते चित्र पुन्हा पहिल्यापासून लावलं. ठेका, पाऊल, पाऊल, आणि गिरकीच्या आधी डावा खांदा वर.

साठीला आलेल्या माणसानं स्वतःला पहिल्यांदा नाचताना बघितलं होतं. गॅदरिंगच्या व्हिडिओत ते कधी नसायचेच. ते असायचे विंगेत, पोरांवर डोळे वटारत. शेडमध्ये आरसा नव्हता. सगळ्या तालुक्याची चाल ओळखणाऱ्या माणसाला स्वतःची तेवढी ओळखता आली नव्हती. त्यांची कानशिलं तापली. असं वाटलं, की आता खालचा हॉल पुन्हा एकदा हसणार. पण हसलं कुणीच नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं.

ते तडक खाली गेले. "दिग्विजय, एका पोरीचे मार्क बदलायचेत."

"बदलता येत नाहीत, मास्तर."

"चुकून कमी पडलेत रं."

"बटण दाबलं की कुलूप." दिग्विजय समजुतीनं म्हणाला. "त्यासाठीच तर हे सगळं आणलंय. नंतर येऊन कुणी फिरवू नयेत म्हणून. अध्यक्षांनासुद्धा मी हेच सांगितलं, मघाशी."

मास्तर जिना चढून परत वर आले.

सगळे नाच संपल्यावर परीक्षकांच्या सहीसाठी बेरजा वर आल्या. मशीनला खांद्याचं काही सोयरसुतक नव्हतं. ताल आणि तोल मोजायला सांगितलं होतं, ते त्यानं मोजलं होतं, आणि इंदापूरच्या त्या पोरीला सगळ्यांत वर ठेवलं होतं. रतनबाईंनी नऊ दिले होते. ऋषिराज सरांनीसुद्धा नऊ. मास्तरांच्या चारानं पोरगी पहिल्यावरून चौथ्यावर आली होती, आणि बक्षिसं तीनच होती. रतनबाईंनी सही करताना मास्तरांकडं बघितलं नाही. ते शहाण्या बाईचं लक्षण होतं.

पहिलं बक्षीस सांगवीच्या श्रेयाला गेलं. एकही खुर्ची उडाली नाही. अध्यक्षांनी मशीनच्या कौतुकाचं भाषण केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. नात हरली तरी मंडळ तरलं, एवढं समाधान त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मास्तर मागच्या दारानं बाहेर पडले. पार्किंगमध्ये लिंबाखाली शबीनाची स्कूटी होती. शबीना हातात हेल्मेट घेऊन उभी होती. शेजारी ती पोरगी, इंदापूरकडच्या कळसची सोनम. डोळे सुजलेले, दंडावरची चिकटपट्टी नखानं खरवडत होती. चाँदबीनं डबा उघडला होता.

"खा गं माजी बाय, दोन घास खा," चाँदबी तिला सांगत होती. "मशीनला काय कळतंय नाच? ऊस तोडायचं मशीन असतंय तसलंच ते. बुडक्यासकट वरचं हिरवं वाढं बी गिळतंय."

"जाऊ दे, अम्मी," शबीना म्हणाली. "मशीन हाय. त्याला कुनाची वळख?"

मास्तर चार पावलांवर उभे होते. त्यांनी नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. मशीनवर खापर फोडलं तर मशीन काय उठून बोलणार नव्हतं. कागद कुलपात होते. रतनबाई मेल्या तरी सांगणाऱ्यातल्या नव्हत्या. लेक मशीनवर चिडली असती, दुकानात बसली असती, ईदला आली असती, शीरखुर्मा बरा झालाय म्हणाली असती.

"मशीननं हिला सगळ्यांत जास्त दिलेत," मास्तर म्हणाले. "कापले मी."

चाँदबीच्या हातातला घास हातातच राहिला. शबीनानं वळून बघितलं. तिनं बापालाच सुटायला वाट करून दिली. "तुमाला काय ठावं कुनाची पोरगी ते. वळखली नसंल तुमी."

"वळखली हुती."

"कशावरनं?"

"खांद्यावरनं."

"वळखून कापले?"

"व्हय." मास्तर दोन पावलं पुढं आले. "लोक वशिला म्हनतील म्हनून. आन् तुजी चूक दिसली म्हनून. चुकलं माजं, शबीना. पोरी, तुजं बक्षीस मी घालवलं."

सोनमला यातलं काय कळलं कुणास ठाऊक. तिनं शबीनाचा हात धरला. शबीना बापाकडं बघत होती, रागानं नाही, दमल्यासारखी.

"आमी दोघींनी लई मेहनत घेतली हुती, अब्बा," ती म्हणाली. "मला वाटलं, तोंड न्हाय तर न्हाय दिसनार. अब्बांना खांदा तर दिसंल. कळंल त्यांना, आपलीच पोरगी हाय."

"खांदा माजा हाय," मास्तर घाईघाईनं म्हणाले, आधी सांगायचं राहून गेल्यासारखे. "आज बघितला मी. टीव्हीवर. मलाच वळखू आला न्हाय. मी म्हनलं ही कोन पोरगी, तर रतनबाई म्हनल्या, तुमीच."

चाँदबी "या अल्ला" म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं.

"मला कवाचं ठावं हाय," शबीना म्हणाली. "बारकी असताना तुमच्या मागं उभी ऱ्हायाची. नाचताना तुमचं तोंड मला कदी दिसलंच न्हाय. खांदा दिसायचा. त्यो वर गेला, की कळायचं, आता गिरकी येनार. तवा मी बी घ्यायची."

मास्तरांना पेला आठवला, दोरी आठवली, चालू राहिलेला माईक आठवला. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही. "क्लास बंद करू नगंस," ते म्हणाले.

"त्ये मी बगीन. सोमवारी तर पोरी येनार हायत." तिनं सोनमला मागं बसवलं, हेल्मेट घातलं, किल्ली फिरवली.

"शबीना," मास्तरांनी स्कूटीचं हँडल धरलं. "एवडं ठावं हुतं तर मला सांगायचं न्हाय? एका शब्दानं तरी?"

"सांगितलं असतं," शबीना म्हणाली, "तर तुमी त्यो खांदाच काडून टाकला असता की."

आणि तिनं स्कूटी इंदापूरच्या रस्त्याला लावली.